नाकावरची जागा

सेलूला, स्टेशन रोडवर, कटलरीच्या दुकानाच्या माडीवर
नसरीन चष्मेवाली विचारते,
"काका, स्वभाव कसा आहे तुमचा?"

बावन्न वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
लग्नाच्या वेळी अयोध्याच्या वडलांनी विचारला होता,
पण तो माझ्या मामाला.

मी म्हणालो, नंबर काढलाय, काच बसव.
ती म्हणाली, काचेला नंबर पुरतो,
फ्रेमीला माणूस कळावा लागतो.
तिच्या मागं भिंतभर फ्रेमी,
कुणाच्याच नसलेल्या दीडशे नजरा
माझ्याकडं लावलेल्या.

"काम काय करता?"
जिनिंगला ग्रेडर आहे.
"म्हणजे?"
म्हणजे गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा,
वरची मूठ नाही, आतली उपसायची,
दोन अंगठ्यांत धरून तार ओढायची,
ओल, पत्ती, कवडी, धाग्याची लांबी,
आणि एक आकडा बोलायचा.
एकदा बोलला की फिरवायचा नाही.

तिनं आधी बिनकाठाची दिली.
"ही घातलेली कळतसुद्धा नाही."
हीच दे, मी लगेच म्हणालो.

कारण झंवरशेठ. कारण मुनीम. कारण हमाल.
ग्रेडरची नजर गेली, ही बातमी
नजरेच्या आधी गावभर जाते.
दिवाळीपासून मी काट्याची पावती
हात लांब करून वाचायलोय,
आणि म्हणायलोय, काय ऊन आहे हो आज.

नसरीननं आरसा फिरवला.
बिनकाठाच्या काचेमागं एक माणूस,
कुणी विचारायच्या आधीच
चोरी कबूल केलेला.

मग सोनेरी.
सोनेरीत मी पतसंस्थेचा चेअरमन,
सह्या करून दमलेला.
निळीत माझा भाचा, पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेला.
गोल लावली तर सरळ भिंतीवर,
हार तेवढा घालायचा राहिलेला.
पातळ तारेची बरी वाटली,
पण मे महिन्यात इथं तार अशी तापते
की कानामागं डाग बसतो, हे तिनंच सांगितलं.

"काका, वर बघून काम करता का खाली?"
खाली. सगळा दिवस खाली.
"मग घाला मान खाली."

एकेक फ्रेम लावायची आणि ढिगावर वाकल्यासारखं वाकायचं.
पहिली काउंटरवर पडली.
दुसरी तिनं झेलली.
तिसरी ओठावर येऊन थांबली, तेव्हा ती हसली,
आणि मग मीही हसलो,
स्वभावाचं हे एक तिला कळलं असावं.

शेवटी स्टुलावर चढून तिनं अब्बांच्या वेळचा डबा काढला.
काळी, जाड, रुंद काड्यांची.
"ही आता कुणी घेत नाही. फार दिसते."
वाकलो.
जागची हलली नाही.
दिसू दे, म्हणालो.

घरी अयोध्या भाकरी थापायली होती.
पिठाच्या हातानं माझी हनुवटी धरून
तिनं तोंड इकडं वळवलं, तिकडं वळवलं.
"नाक चांगलंय की तुमचं,"
एवढं म्हणाली आणि तवा बघायला वळली.

सोमवारी पहिली गाडी मानवतची.
दहा मिनिटांत काचेवर रुई बसली.
झंवरशेठनी लांबूनच बघितलं,
"काय धापसे, गेली का नजर?"
गेली की, मी म्हणालो.

हमाल थांबले. मुनिमाचं पेन थांबलं.
मी चष्मा काढून खिशात ठेवला,
डोळे मिटले,
ढिगात हात घातला, आत, अजून आत,
जिथं कापूस रात्रीचा गार असतो.
मूठ उपसली. तार ओढली.
आकडा बोललो.

कुणी काही बोललं नाही.

मग चष्मा लावला
आणि तोच आकडा वहीत लिहिला.
त्यातला चार जरा वाकडा आला.